शंका आली की नर

उस्तादचं खरं नाव हॅचरीच्या हजेरीत होतं आणि ते तिथेच सुखात होतं. बाकी सगळ्या जगाला तो उस्ताद. बायको चारचौघांत 'आमचे हे' म्हणायची, पण रागावली की तिच्याही तोंडून 'विचारा की तुमच्या उस्तादांना' असंच निघायचं.

काम सांगायला सोपं होतं. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू डाव्या मुठीत घ्यायचं, दाबून त्याचं पोट मोकळं करायचं, उलटं करायचं, शेपटीखाली अंगठ्याने अलगद उघडायचं, दिव्याखाली बघायचं आणि ठरवायचं, नर की मादी. मादी डावीकडच्या पेटीत, नर उजवीकडच्या घसरगुंडीत. हॅचरी अंड्यांच्या कोंबड्यांची होती. नर अंडं देत नाही, त्याचं अंग मांस धरत नाही, दाणा मात्र मादीइतकाच खातो. म्हणून घसरगुंडी थेट मागच्या खोलीतल्या ड्रममध्ये उतरायची. त्या खोलीचं दार कायम लावलेलं असे. ड्रमच्या घरघरीने नवा माणूस सुरुवातीला दचकायचा, डबा तसाच परत न्यायचा. महिन्याभरात त्याच घरघरीवर गाणं गुणगुणत जेवायचा.

नराची खूण म्हणजे एक मणी, मोहरीहून बारीक. पण निसर्ग काही हॅचरीचा पगारी नोकर नव्हे. काही माद्यांनाही मणी असतो, काही नरांचा दिसतच नाही, आणि मधूनच एखादं पिल्लू असं हाती येतं की बघणाऱ्याचा अंगठा थांबतो. त्यासाठी टेबलावर एक नियम होता, शंका आली की नर. एखादी मादी ड्रममध्ये गेली तर कुणाच्या बापाचं काही जात नाही. एखादा नर गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये गेला तर तो मोठा होऊन पहाटे आरवतो, आणि मग हॅचरीची अब्रू अख्ख्या वस्तीला ऐकू येते.

असा आरवलेला कोंबडा गिऱ्हाईक परत आणून द्यायचं. पेटीवरच्या खुणेवरून तो कुणाच्या हातून सुटला ते कळायचं, आणि मग तो कोंबडा दिवसभर त्या माणसाच्या स्टुलाच्या पायाला बांधून ठेवायची पद्धत होती. दंड नाही, बोलणी नाहीत. फक्त शेजारी कोंबडा. तो आरवला की सगळ्या टेबलाने एका सुरात म्हणायचं, "बोला ताई!" भले भले रडकुंडीला यायचे. शेजारी बसणारी चष्मिस तर एकदा खरोखरच रडली होती.

उस्तादच्या स्टुलाला कोंबडा बांधल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. एकदा आणला होता, पण उस्तादने पेटीवरची खूण पाहिली, कोंबडा पाहिला आणि थंडपणे म्हणाला, "पेटी माझी, कोंबडा माझा नाही. वाटेत कुणीतरी बदलला." मॅनेजरला उस्ताद हवा होता, म्हणून कोंबडा चष्मिसच्या स्टुलाला गेला. रडली ती त्याच दिवशी.

या डोळ्याची खरी कसोटी बारकीच्या जन्माच्या वेळी लागली. आधीच्या दोन मुली, थोरली आणि मधली. तिसऱ्या खेपेला उस्तादची मोठी बहीण अक्का दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून बसली होती. अक्काचं लग्न दोन गल्ल्या पलीकडे झालं होतं, पण संसार ती भावाच्या घरात करायची. नर्स बाहेर आली ती ओशाळ्या चेहऱ्याने. "बाळ बरं आहे, बाळाची आई बरी आहे. पण मुलगा की मुलगी ते आम्हाला नक्की सांगता येत नाहीये. डॉक्टर सकाळी येतील, काही तपासण्या कराव्या लागतील."

"सकाळी?" अक्का उसळली. "मूल झालंय की लॉटरी लागलीय, निकाल उद्या लागायला?"

उस्ताद उठला. सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "दिवा जवळ घ्या," म्हणाला, एकवार वाकून पाहिलं आणि सरळ झाला. "मुलगी. लिहा."

"अहो, पण डॉक्टर..."

"बाई, तुम्ही वर्षभरात जितकी बाळं बघता तितकी पिल्लं मी सकाळच्या चहाआधी बघतो. मुलगी."

डॉक्टरांनी सकाळी तपासण्यांचं पुन्हा काढलं. उस्ताद म्हणाला, तपासण्या ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी असतात. झालं. मूल मुलगी झालं.

आणि इथे उस्तादच्या जमेच्या बाजूला मोठी रक्कम पडली. दोन मुलींवर तिसरं मूल, दवाखाना स्वतःच सांगतोय की नक्की नाही. कुणीही बाप 'मुलगा' म्हणून मोकळा झाला असता. पण याने तोटा पदरात घेतला आणि खरं तेच बोलला! मॅनेजर नव्या पोरांना ही गोष्ट सांगायचा. गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची. जो स्वतःच्या घरात खोटं बोलला नाही तो तुमच्या पेटीत काय खोटं घालणार? अक्काने मात्र महिनाभर भावाशी अबोला धरला. टेबलावरचा शंकेचा नियम त्याने घरी लावला असता तर अक्काला तेव्हाच मिठाई वाटता आली असती. पण उस्तादला शंका यायचीच नाही. हा त्याचा गुण आहे असं सगळे समजत.

मुलगी जन्माला आली म्हणून लगेच मुलगी होते असं नाही. ती रोज थोडी थोडी करावी लागते, आणि त्या घरात करणाऱ्या तिघी होत्या, आई, अक्का आणि थोरली. गुडघे मिटून बस. दात दाखवून हसू नकोस. बाबांचं ताट आधी, तुझं नंतर. दारात उभी राहू नकोस. बारकीने हे सगळं गिळलं, जसं थोरलीने गिळलं, मधलीने गिळलं. आणि त्या सगळ्यातून तिचं स्वतःचं असं जे उरलं ते तिला फार आवडायचं. लांब केस, ते विंचरणं, दुसऱ्यांचे केस विंचरणं. शाळा सुटली की ती कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये जायची. पार्लरवाली म्हणायची, "हिच्या हातात दोरा दिला की बाई डोळे मिटून झोपते. असा हलका हात पैसे देऊन मिळत नाही." बारकीने ठरवूनच टाकलं होतं, शाळा संपली की पूर्ण वेळ इथेच.

पंधराव्या वर्षी तिचा आवाज फुटला. पार्लरमध्ये फोन उचलला तर पलीकडची बाई म्हणाली, "दादा, जरा ताईंना द्या ना." बारकी हसली, फोन दिला, आणि मागच्या मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. त्यानंतर ती कुजबुजत बोलायला लागली. मधलीला पाळी सुरू होऊन कितीतरी काळ लोटला होता, बारकीचं काहीच नाही. आई म्हणायची, येईल, घाई कसली. अक्का काही म्हणायची नाही, पण तिची नजर म्हणजे हॅचरीचा दिवा. एक दिवस तिने बारकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "अगं वहिनी, हिच्या ओठावर बघ काय उगवलंय. हे तुझ्या माहेरचं की आमच्याकडचं?"

मग दवाखाना, रक्त, फोटो, पुन्हा रक्त. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आईबापाला आणि बारकीला एकत्र बसवलं. बाई तरुण होत्या, आणि समोरचा माणूस शिकलेला नाही म्हणून मोठ्याने बोलायची खोड त्यांना नव्हती.

"पोटात मुलाचं शरीर घडायला आतले काही रस लागतात," त्या म्हणाल्या. "हिच्यात त्यातला एक नीट बनला नाही. म्हणून जन्मली तेव्हा बाहेरून बरीचशी मुलीसारखी दिसली. आता वयात येताना दुसरा रस जोर करतोय, म्हणून आवाज बदलला, खांदे भरले. हिची गुणसूत्रं मुलाची आहेत. गर्भाशय नाही. पाळी येणार नाही, मूल होणार नाही. पण ही आजारी नाही. असं होतं, आणि अशी माणसं चांगली जगतात."

आई पदर तोंडाला लावून बसली होती. उस्तादच्या डोक्यात एकच शब्द अडकला होता. "मुलाची?"

"गुणसूत्रं. म्हणजे शरीराचा साचा म्हणा. पण पंधरा वर्षं ती मुलगी म्हणून वाढलीय, आणि ती स्वतःला कोण समजते हे रक्तात सापडत नाही, ते तिलाच विचारावं लागतं." त्या बारकीकडे वळल्या. "तुला काय वाटतं गं? आवाज आणखी उतरू नये, केस येऊ नयेत असं वाटत असेल तर त्यावर औषध आहे. काहीच नको असेल तर काहीच करायचं नाही. मुलगा म्हणून राहावंसं वाटलं तर तेही. सांग."

"मला औषध हवंय," बारकी म्हणाली. कुजबुजली नाही. फुटक्या आवाजातच म्हणाली. "मी मुलगी आहे. मला हा आवाज नकोय."

"लवकर सुरू केलेलं बरं. उतरलेला आवाज परत चढत नाही," डॉक्टरीणबाई उस्तादला म्हणाल्या. "ती लहान आहे, तेव्हा तुमची संमती लागेल."

"बघू," उस्ताद म्हणाला.

घरी पोचले तर दारात अक्का होती. त्याने तिला बाजूला घेतलं, आणि दोन वाक्यांत अक्काच्या तोंडावरच्या पंधरा वर्षांच्या सुरकुत्या उलगडल्या. "मी म्हणत होते!" ती ओरडली. ती कधीच काही म्हणाली नव्हती. "मुलगा! अरे, घरात मुलगा होता आणि आपण त्याच्याकडून भांडी घासून घेत होतो!"

संध्याकाळपर्यंत गल्लीत साखर वाटून झाली.

त्या घरात एका रात्रीत भाव कसे पालटले ते पाहण्यासारखं होतं. थोरली लग्न होऊन गेल्यापासून मधलीची असलेली खिडकीजवळची खाट बारकीला मिळाली आणि मधली स्वयंपाकघरात गेली. "कानामागून आली आणि तिखट झाली," मधली भांडी आपटत म्हणाली, तर अक्काने तिला दटावलं, "आली नाही, आला!" बारकीच्या ताटात मोठा वाटा पडू लागला. तिला कुणी ऊठ म्हणेना, बस म्हणू लागले. ज्या अंगावर पंधरा वर्षं 'पाय जवळ घे' म्हणून चापट्या बसल्या त्याच अंगाला अक्का म्हणाली, "ऐसपैस बस की रे, बारक्या. काय बायकांसारखा आखडून बसतोस!"

हॅचरीत ज्याला थेट ड्रम, त्याला घरी खिडकीजवळची खाट. उस्तादला यात काही विचित्र वाटलं नाही. माल तोच असला तरी बाजार वेगळा असतो, एवढं त्याला कळत होतं.

रविवारी न्हावी घरी आला. बारकी मोरीत शिरून आतून कडी लावून बसली. अक्काने आधी गोंजारलं, मग शिव्या दिल्या, शेवटी उस्तादने दाराला खांदा लावला. दोघांनी धरलं आणि न्हाव्याने कापलं. न्हाव्याचाही हात थांबला होता. "पोर रडतंय हो," म्हणाला. "मुलगे रडतात सुरुवातीला," अक्का म्हणाली. वेणी तिने स्वतःच्या हाताने गुंडाळून कचऱ्यात टाकली.

"मला कुणी विचारलं का?" बारकी म्हणाली. मानेवर केसांचे तुकडे चिकटले होते. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तिला विचारा."

उस्ताद खरोखरच बुचकळ्यात पडला. इतकी वर्षं तो हेच काम करत होता. "पिल्लाला कोण विचारतं?" तो म्हणाला.

साखर गल्लीतून हॅचरीत पोचायला किती वेळ लागतो? सोमवारी उस्ताद टेबलापाशी आला तर त्याच्या स्टुलाच्या पायाला तुरेवाला, गलेलठ्ठ कोंबडा बांधलेला. सगळे माना खाली घालून पिल्लं उलटत होते. उस्ताद बसला. कोंबड्याने मान ताणली आणि आरवला.

"बोला ताई!" अख्खं टेबल ओरडलं, आणि मग हसण्याचा असा लोंढा उठला की ड्रमची घरघर ऐकू येईना.

"उस्ताद, पेटी तुमचीच ना?" कुणीतरी विचारलं.

"का वाटेत कुणी बदललं?" चष्मिस म्हणाली. तिने ते वाक्य बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

उस्तादचं तोंड काळंठिक्कर पडलं. मॅनेजर दारात उभा होता, आणि तो हसत नव्हता. गिऱ्हाइकांना सांगायची त्याची सगळ्यात चांगली गोष्ट डोळ्यांदेखत नासली होती. उस्तादने एक पिल्लू उचललं, बघितलं, टाकलं. दुसरं उचललं. आणि मग त्याला सुचलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, याला अख्खा ओंडकाच सापडला.

"हसा," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मुलगा आहे ते. दिवा धरला तेव्हाच दिसलं. पण दोन मुलींवर झालेला मुलगा. अख्ख्या गल्लीची नजर त्याच्यावर. म्हणून मुलगी सांगितली, मुलगी म्हणून वाढवला. वयात आला, आता काढला बाहेर. झाकून ठेवला होता, चुकलो नव्हतो."

काहींनी एकमेकांकडे पाहिलं. अशा गोष्टी कानावर आलेल्या होत्याच. कुणाच्या आजोबांना फ्रॉक घालून वाढवलं होतं, कुणाच्या मामाचं नाक टोचलं होतं.

"पंधरा वर्षं?" चष्मिस म्हणाली. "आणि पोराला सांगितलं नाहीत?"

"त्यालाही माहीत होतं."

मॅनेजरचा चेहरा उजळला. ही गोष्ट जुन्या गोष्टीपेक्षाही सरस होती. "उद्या घेऊन या त्याला," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. आणि टेबलावर एक जागा रिकामी आहेच. बापाचा डोळा पोरात उतरला असेल तर बसवू."

त्या संध्याकाळी उस्तादने बारकीला समोर उभं केलं. "फक्त एवढंच म्हणायचं. मला माहीत होतं. बाकी मी बोलेन."

"आणि औषध?"

"आधी म्हण, मग बघू."

"तुम्ही नेहमी बघूच म्हणता, बाबा."

"अरे, जबान चालवतोस!" अक्का आतून म्हणाली, पण कौतुकाने. हेच बारकीने महिन्याभरापूर्वी केलं असतं तर तोंडात बसली असती.

तिने आईकडे पाहिलं. आई त्या घरात लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांच्या शेवटी, ओट्याशी उभ्याने जेवायची. गेले काही दिवस अक्का तिला सगळ्यांबरोबर बसवत होती, वर विचारत होती, भाजी आणखी हवी का. मुलाची आई होती ती आता.

आई तिच्याजवळ आली. छाटलेल्या केसांवरून तिने हात फिरवला. "म्हण गं राणी," ती हळूच म्हणाली. "माझ्यासाठी म्हण. मला पहिल्यांदा बसून जेवायला मिळतंय."

खिडकीजवळच्या खाटेवर बारकी भिंतीकडे तोंड करून पडली आणि विचार करत राहिली. ती उस्तादचीच पोर होती. बापाला काय हवं असतं हे तिला अक्काहून चांगलं कळत होतं. बापाला मुलगा हवा होता, हे खरं. पण त्याआधी, मुलगा नव्हता तेव्हाही, त्याला आणखी काहीतरी हवं असायचं, आणि ते देणं या जगात फक्त तिच्या हातात होतं. झोप लागण्याआधी तिला जरा हसूही आलं.

सकाळी ती शर्ट-पँट घालून मुकाट्याने निघाली. उस्तादला वाटलं, पोर सरळ आलं.

हॅचरीत काम थांबवलं होतं. मॅनेजरने दोन गिऱ्हाइकंही बोलावली होती. पेट्यांमध्ये पिल्लांचा किलबिलाट चालला होता, आणि उस्तादच्या स्टुलाला कालचा कोंबडा तसाच होता. आज तो सोडायचा, असं ठरलं होतं. उस्तादने आपली गोष्ट पुन्हा सांगितली, आज जरा तेलमीठ लावून. मग बारकीच्या पाठीवर थाप मारली. "सांग."

"बाबा चुकले नव्हते," बारकी म्हणाली.

उस्तादने मान डोलावली.

"पण ते सांगतात तसं नाही. त्यांनी काही झाकून ठेवलं नव्हतं." आवाज मध्येच फाटला, तिने घसा साफ केला आणि पुढे बोलली. "ते म्हणाले मुलगी, तर ती मुलगीच होती. मी मुलगी आहे. डॉक्टरांच्या तपासण्यांनी काहीही सांगू दे. माझ्या बाबांनी एकदा बघितलं आणि बरोबर सांगितलं. त्यांची नजर कधीच चुकली नाही. हा कोंबडा सोडा."

कुणी हसलं नाही. चष्मिसने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

बारकी बापाकडे बघत होती. लहानपणी शाळेतून चित्र आणून दाखवायची तशी. घ्या, म्हणत होती ती, तुमची नजर घ्या, तुमचं नाव घ्या, सगळं तसंच्या तसं आहे, मी सांभाळून आणलंय. फक्त 'हो' म्हणा.

आणि उस्तादला मोह झाला. खोटं कशाला बोला, झाला. त्याच्या डोळ्यावर इतका पक्का विश्वास जगात दुसऱ्या कुणी दाखवला नव्हता, मॅनेजरनेही नाही. 'हो' म्हटलं की कोंबडा सुटत होता, गोष्ट जुनीच्या जुनी शाबूत राहत होती, आणि लबाडीही करावी लागत नव्हती. एक पिल्लू बघायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो थांबला. त्याचा अंगठा थांबला, असं चष्मिस नंतर म्हणायची.

मग दुसरी बाजू त्याच्या डोळ्यांपुढे आली. दारात उभी अक्का. वाटलेली साखर. लग्न न होणारी, मूल न होणारी, बाप्याच्या आवाजाची तिसरी मुलगी, जन्मभर घरात. आणि समोर, शर्ट-पँटमध्ये, भरल्या खांद्यांचा, म्हातारपणी घराच्या दाराशी उभा राहणारा एक मुलगा. डोळा आणखी किती वर्षं टिकणार? चष्मा तर येऊच घातला होता.

त्याने तिच्या कानाखाली वाजवली. ती टेबलावर आदळली. एक पेटी कलली आणि पिल्लं फरशीवर सांडली.

"चुकलो," उस्ताद म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज फुटला होता. "ऐका सगळे. मी चुकलो. त्या दिवशी माझा डोळा चुकला. हा मुलगा आहे. कोंबडा राहू दे बांधलेला, तो माझाच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने चूक कबूल केली, आणि नेमकी तीच त्याच्या हातून झालेली नव्हती.

मग मॅनेजरने टाळी वाजवली. मग गिऱ्हाइकांनी. मग सगळ्यांनी. "याला म्हणतात माणूस!" एक गिऱ्हाईक म्हणालं. "भर सभेत कबूल करायला छाती लागते." दुसरं म्हणालं, जो स्वतःची चूक लपवत नाही तो आपल्याला काय फसवणार? पहिल्या वेळी उस्तादने तोटा सोसला म्हणून नाव झालं होतं, आता चूक सोसली म्हणून झालं. दोन्ही वेळा किंमत भरली होती बारकीने. ती फरशीवर बसून सांडलेली पिल्लं गोळा करत होती. कोणती डावीकडची, कोणती उजवीकडची, ते तिला कळत नव्हतं.

"शंका आली की उजवीकडे," मॅनेजर प्रेमाने म्हणाला. "शिकशील."

ती दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. शाळा सुटली, पार्लर सुटलं. औषधाचं कुणी काढलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंचा निरोप आला तो अक्काने घेतला. पार्लरवाली एकदा फाटकापर्यंत येऊन गेली. बारकी नावाची पोरगी इथे नाही, म्हणून पहारेकऱ्याने तिला परत पाठवलं. आवाज उतरत गेला, उतरत गेला आणि एक दिवस तळाशी बसला. टेबलावर तिला 'छोटा उस्ताद' म्हणू लागले, आणि तिच्या डोळ्यात खरंच काहीतरी होतं. वर्षाच्या आत ती बापाच्या बरोबरीने हात चालवायला लागली. अंगठा कुठे थांबायचा नाही.

हॅचरीच्या मागे दोन संडास होते, एक बायकांचा, एक पुरुषांचा. पहिल्या दिवशी ती सवयीने पहिल्या दाराकडे वळली तर बायका ओरडत बाहेर आल्या. मग ती दुसऱ्या दाराने गेली. आत लोडिंगवाले तिघे होते. बाहेर आली तेव्हा शर्टाची दोन बटणं तुटली होती आणि ते तिघे अजून हसत होते. त्यांना फक्त बघायचं होतं म्हणे, उस्तादचा डोळा पहिल्या वेळी खरा होता की दुसऱ्या. उस्तादने बटणं पाहिली. "मुलगे करतात असली थट्टा," म्हणाला. "सवय होईल."

तेव्हापासून ती सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही. चष्मिस कधीकधी तिच्यापुढे पेला सरकवते. ती मान हलवते आणि पुढचं पिल्लू उचलते. ओठ सुकून फाटलेले असतात.

नवीन पोरं आली की उस्ताद त्यांना तिच्या स्टुलामागे उभं करतो. "बघा," तो सांगतो, आणि आवाजातला अभिमान त्याला लपवता येत नाही. "याला म्हणतात बाप्याची जात. शिफ्ट सुटेपर्यंत जागचा हलत नाही. पोरगी असती तर एव्हाना दहादा उठली असती."